जित्याचा म्हाळ

सांगली, रविवार, २ सप्टेंबर १९४५

आज चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी बायकोनं कोट धरून मला खाली बसवलं. भर मंडळीत.

पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, ज्याच्या मनात भावाविषयी काही किल्मिष असेल त्यानं आधी समेट करावा, मग मेजापाशी यावं. दर महिन्याला सांगतात. दर महिन्याला मी उठतो. माझ्या मनात गुंडादादाविषयी काहीही नाही. त्यानं मला जिवंतपणी मारलं, माझा दहावा-तेरावा घातला, गावजेवण दिलं, हे सगळं मी केव्हाच मनातून काढून टाकलं आहे. रोज सकाळी उठून पुन्हा काढून टाकतो. पण आज उठलो तशी शालू मागून कुजबुजली, "पहाटे झोपेत तुम्ही त्यांना नरकात जा म्हणालात. बसा."

कोटाची शिवण उसवली. मंडळीला नवा पंच निवडायचा आहे आणि माझं नाव पुढं आहे. निर्व्यसनी माणूस, शाळेत व्याकरण शिकवतो, पेटीही बऱ्यापैकी वाजवतो. उपासना सुटल्यावर पाळकसाहेब दारात माझा हात धरून म्हणाले, "मास्तर, पुढच्या प्रभुभोजनाच्या आत भावाला क्षमा करून या. मग पंचाचं बघू." जणू बाजारातून कांदे आणायचे आहेत.

महायुद्ध संपल्याची मंडळीत उपकारस्तुती झाली. माझं लक्ष शिवणीकडे होतं.

बुधवार, ५ सप्टेंबर

इथं कुणी वाचत नाही म्हणून लिहितो, एरवी ही गोष्ट मी तोंडातून काढत नाही.

बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी मिरजेला शिकत होतो. पंधरवड्यानं पेढ्यांचा पुडा घेऊन गावी गेलो, लोणंदच्या पुढं मळेवाडीला. वाटलं, बसून समजावून सांगू. दारात दादा उभा. डोकं तासलेलं, मिशी सफाचट. मी पेढ्यांचा पुडा पाठीमागं लपवला. म्हटलं, "दादा, कोण गेलं?"

"तू," दादा म्हणाला आणि त्यानं दार लावलं.

आतून आईच्या रडण्याचा आवाज येत होता. ती माझ्यासाठी रडत होती आणि मी दाराबाहेर पेढे घेऊन उभा. बनुवैनीनं खिडकीतून पाहिलं आणि भूत, भूत म्हणून किंकाळी फोडली. मागाहून कळलं की पिठाचा पुतळा करून माझ्या नावानं नदीकाठी जाळला, घट फोडला, भावकीची पंगत उठवली. पंगतीला लापशी केली होती. लापशी मला जिवापाड आवडते हे घरात सगळ्यांना ठाऊक, म्हणजे मुद्दाम डिवचायलाच केली असणार.

हे विसरावं म्हटलं तरी माझा धंदा विसरू देत नाही. वर्गात 'भूतकाळ' म्हटलं की मागच्या बाकावर खसखस पिकते.

तर आज कार्ड टाकलं. 'श्री. गुंडा नाथाजी यांस. मी तुम्हांस क्षमा केली आहे. उत्तराची अपेक्षा नाही. ज्योतिबा.' ख्रिस्ती माणसाचं नाव ज्योतिबा कसं, असं लोक विचारतात. बाप्तिस्म्याच्या वेळी योहान सुचवलं होतं. पण आईनं डोंगरावर अनवाणी जाऊन नवसानं ठेवलेलं नाव, ते बदलवलं नाही. याचा भावनेशी काही संबंध नाही.

शुक्रवार, १४ सप्टेंबर

उत्तराची अपेक्षा नव्हती, पण पोस्टमन इतका हळू का चालतो ते कळत नाही. आज दादाचं कार्ड आलं:

'कार्ड पावलं. पोस्टमननं देवळात वाचून दाखिवलं. मेलेल्याचं कार्ड आलं म्हून तुझ्या वैनीला ताप भरला. तवा कार्ड धाडू नये. मापी कशाची त्ये कळलं न्हाई. म्हाळाच्या पंधरवड्यात मी सोता येतो, काम हाय. आई थकली.'

कार्डातल्या चुकांखाली लाल रेघा मारल्या, हाताला सवयच आहे. शालूनं कार्ड वाचून विचारलं, "आई थकली म्हणजे काय झालं असेल?" मी म्हटलं, माझ्या लक्षात आलं ते 'मापी कशाची'.

शनिवार, २२ सप्टेंबर

आदगोंडा सकाळीच हात जोडून दारात. शेजारी त्याचं भुसाराचं दुकान. जैनांची आज क्षमावणी. पर्व संपलं की ही मंडळी दारोदार जाऊन क्षमा मागतात.

"मास्तर, वरीसभरात आमच्याकडनं काय चुकलं-माकलं असंल तर क्षमा करा."

"काय चुकलं?"

"आठवतंय त्ये बी, न आठवतंय त्ये बी."

मी म्हटलं, तुझ्या शेळीनं माझी मेथी खाल्ली. त्यानं शेळीच्या वतीनं वेगळे हात जोडले. मला हा घाऊक व्यवहार पटत नाही. मी त्याला माझ्या अडचणीची कल्पना दिली, की मी भावाला क्षमा करायला तयार आहे पण तो घेत नाही. आदगोंडानं डोकं खाजवलं.

"तुमी करायला निघालाय व्हय? आमी नुसती मागतो. मागायला सोपं पडतंय, कुनाच्या बापाचं काय जात न्हाई."

भला माणूस, पण करणारा आणि मागणारा यातला फरक त्याला कळत नाही. कर्ता कोण हेच ज्याला उमगत नाही त्याला पुढचं व्याकरण काय सांगणार?

शुक्रवार, २८ सप्टेंबर

आज दादा आला. मिशी पांढरी झाली आहे. माझ्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणाला, म्हणजे मला म्हणाला नाही, आदगोंडाला म्हणाला. मेलेल्या माणसाशी कसं बोलणार? तेव्हा आदगोंडाच्या दुकानाच्या कट्ट्यावर तो बसला, हातभर अंतरावर मी उभा राहिलो आणि मध्ये आदगोंडा.

"ह्यास्नी सांगा आण्णा, कावळा शिवत न्हाई."

"कावळा शिवत न्हाई म्हनत्यात," आदगोंडानं मला सांगितलं.

"मी ऐकलं."

"त्येनी ऐकलं म्हनत्यात."

कावळ्याची हकिगत अशी. दर साली म्हाळाच्या पंधरवड्यात, सर्वपित्री अमावस्येला, आई माझ्या नावाचं पान मांडते. माझी मरणतिथी भटजीलाही काढता आली नाही म्हणून अमावस्या. कावळा पानाला शिवला की आत्मा तृप्त झाला, न शिवला की त्याची काही इच्छा राहिली. माझ्या पानाला कावळा शिवेना आणि तो शिवल्याशिवाय आई पाणी घेईना. मग दादा कडब्याच्या गंजीमागं बसून काव काव करायचा आणि पान उचलायचा. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तिला आवाजावरच भरवसा.

"लय वर्सं निभावलं," दादा म्हणाला. "गेल्या साली मला पडसं झाल्यालं. कावळा खोकला."

"अयोयो! मग वो?" आदगोंडा निरोप सांगायचं विसरून पुढं सरकला.

"मग काय! म्हातारी म्हनली, कावळ्याला आल्याचा काढा द्या. आन् फुडल्या साली पानाम्होरं मी सोता बसनार. खरा कावळा शिवल्याबिगर पान्याचा थेंब घ्यायची न्हाई. आता ती बोलल्याली मोडती व्हय? अंगात काय न्हाई ऱ्हायलं तिच्या. ह्यास्नी इचारा, काय इच्छा ऱ्हायलीया ती सांगा म्हनावं. पुरी करतो. म्हंजी शिवंल."

मी म्हणालो, "आदगोंडा, त्यांना सांग, कावळा शिवत नाही कारण मी जिवंत आहे!"

"मढ्याला काय कळतंय," दादा आदगोंडाला म्हणाला.

"आणि इच्छा विचारतात तर ही आहे, की त्यांनी माझी क्षमा मागावी."

दादा उठलाच. "मापी? आरं, मिशी काढली म्या! बा मेला तवा काढल्याली, आन् मग तुझ्यापायी! भावकी म्हनली, मेला म्हना, न्हाईतर भनीचं लगीन मोडतंय. काय करायचं हुतं म्या? तू किरिस्तावाचं पानी घेतलंस, मला इचारलंस? तुला खांद्यावर बसवून जत्रा दावली ती म्या, आन् कळलं कुनाकडनं, तर बाजारात एका तेल्याकडनं! पुतळा जाळताना माझा हात भाजला, ह्यो बघ!"

मग आपण मढ्याशी बोललो हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं आदगोंडाकडून पाणी मागून घेतलं आणि चूळ भरली.

एवढं बोलला, पण त्यात क्षमेचा एक शब्द नाही. मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकत होतो.

जाताना भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं आदगोंडाला देऊन गेला. भुसाराच्या दुकानदाराला शेंगा! दादाला व्यवहार कधी जमलाच नाही. आदगोंडानं त्या आम्हालाच आणून दिल्या.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

जातो आहे. कावळ्यासाठी नाही. मूर्तीला वाहिलेलं असो की पितरांना, त्या अन्नाशी माझा संबंध नाही. उद्या पंच झालो तर मंडळीनं काय म्हणावं? मी जातो आहे क्षमा करायला. सगळ्या गावादेखत करीन, म्हणजे 'कळलं न्हाई' म्हणायची सोय उरणार नाही. भाषण तयार आहे. आधी अन्याय काय झाला ते, मग मी काय सोसलं ते, शेवटी क्षमा.

पाण्याच्या रांजणासमोर उभा राहून तालीम केली. शालू भाकरी थापता थापता ऐकत होती.

"फार छान," ती म्हणाली. "रांजणाला रडू आलं. दादांना खाली बसवणार की उभं ठेवणार?"

"उभं. मान खाली."

"आणि आईंनी काय करायचं तोवर? उपाशी?"

मी म्हटलं, तू मध्ये बोललीस की शेवटचं वाक्य विसरतं. तर म्हणाली, "मला काय, मी लग्नच मेलेल्या माणसाशी केलं. रेशनकार्डावर तेवढे तुम्ही जिवंत आहात, ते साखरेपुरतं." मग दशम्या बांधून दिल्या, आणि आईसाठी वेगळ्या, मऊ.

लोणंद, धर्मशाळा, शुक्रवार, ५ ऑक्टोबर

मिरजेला गाडी बदलली. डब्यात सुटून आलेले शिपाई खच्चून भरलेले. एकानं ट्रंकेवर जागा दिली. कुठं निघालात विचारलं तर मी म्हटलं, घरी. माझा म्हाळ आहे.

त्याला जराही नवल वाटलं नाही. "मी बी मेल्तो," तो म्हणाला. "बर्मात. तार आल्ती घरी. समदं उरकलं मानसांनी. मग मी गेलो की रजेवर!"

"मग?"

"मेलेला दारातनं कसा घ्यायचा? कौलं काढून वरनं सोडलं मला. दावं बांधून, बैलावानी. मग पाळन्यात घातलं, नाव ठिवलं. पाळना मोडला."

"राग नाही आला?"

"कुनाचा? आरं, माझी आई पाळन्याची दोरी वडत हुती!" आणि तो इतका हसला की शेजारचे दोघे जागे झाले.

अशिक्षित माणसाला अपमान लवकर कळत नाही. भाषण पुन्हा मनातल्या मनात म्हटलं. शेवटचं वाक्य जमलं आहे.

मळेवाडी, शनिवार, ६ ऑक्टोबर, सर्वपित्री

गोठ्यात बसून लिहितो आहे. अजून हाताला भाजीचा वास आहे.

सकाळी गावात शिरलो तर वेशीपासूनच माणसं मागं लागली. माझी बातमी माझ्या आधी पोचली होती. अंगणात सारवून पान मांडलं होतं आणि पानासमोर आई. मी तिला इतक्या वर्षांनी पाहिलं. एवढीशी झाली आहे. पदर डोक्यावरून घेतलेला, ताठ बसलेली, डोळे पानाच्या दिशेनं लावलेले, पण पान तिला दिसत नव्हतं. मी जवळ गेलो. "आई," म्हटलं. ती काही बोलली नाही. वैनी म्हणाल्या, पान राखताना मेलेल्याशी बोलायचं नसतं.

पानावर वडे होते, खीर होती, गवारीची भाजी होती. आणि खिरीच्या शेजारी लापशी. म्हाळाला कुणी लापशी करत नाही.

लिंबावर कावळे होते. खालच्या फांदीवर येत, मान वाकडी करून पान बघत आणि परत वर जात. सगळ्या गावानं काव काव केलं. एकानं तर गळा बसेपर्यंत केलं. मग इच्छा पुरवायला सुरुवात झाली. दादा पुढं झाला, हात जोडून कावळ्यांना म्हणाला, "तुझ्या वाटनीचं रान तुला."

"मला नको!" मी मागून म्हणालो.

"मढं बोलत न्हाई, गप बस," दादा मान न वळवता म्हणाला. "तुझ्या पोरांची लग्नं मी लावतो."

"ती आमच्या चर्चमध्ये होतील!"

"चर्चात लावतो!" दादा कावळ्यांना म्हणाला. गावात कुजबूज झाली. कावळा ढिम्म. एक म्हातारा म्हणाला, ह्यो साळंतला मास्तर, ह्येची इच्छा लय बारीक असनार. त्यावर कुणी पेन दाखवलं, कुणी पागोटं. ऊन डोक्यावर आलं. माझं भाषण खिशात नव्हतं, पाठ होतं, आणि सगळं गाव आयतं जमलेलं. मी घसा खाकरला.

"कावळा खोकला?" आईनं विचारलं.

सगळे हसले. मीही हसलो असतो, पण तिचे ओठ पाहिले. कोरडे पडून भेगा पडल्या होत्या आणि ती जिभेनं ते ओले करायचा प्रयत्न करत होती. कालपासून पाणी नाही. दादानं तांब्या पुढं केला, तिनं हातानं सारला. मग ती एका बाजूला कलंडली आणि वैनींनी तिला धरलं, पण आईनं डोळे पानावरून काढले नाहीत.

मला काय झालं ते नीट लिहिता येत नाही. अन्याय, सोसलेलं, सगळं पाठ होतं, आणि मला फक्त एवढंच कळत होतं की ही बाई तहानेनं मरेल आणि ती माझी आई आहे. पितरांचं अन्न, पंचपद, काहीच आठवलं नाही असं नाही. आठवलं आणि मी पानासमोर मांडी घातली. वड्याचा तुकडा मोडला आणि खाल्ला.



"शिवला का रं?" आईनं विचारलं.

 मी दादाकडं पाहिलं. त्यानं पांढऱ्या मिशीवर हात ठेवला.

"शिवला, आई," दादा म्हणाला.

"खरा हाय न्हवं? तू न्हाईस न्हवं?"

"मी न्हवं. खरा हाय."

"काळा?"

"लहानपनापस्नं," दादा म्हणाला. मोठा माणूस, धोतराचा सोगा तोंडात घालून उभा राहिला.

आईनं हात पुढं केला. माझ्या डोक्यावरून, कपाळावरून, गालावरून तो फिरला, चावणाऱ्या तोंडापाशी थांबला. "सावकाश खा," ती म्हणाली. "लापशीत गूळ बरा हाय का?"

"बरा आहे, आई," कावळा म्हणाला. म्हणजे मी.

मग तिनं पाणी मागितलं. दादानं तांब्या धरला, ती प्यायली, अर्धं अंगावर सांडलं. मी रडत होतो आणि खात होतो, दोन्ही एकदम करता येतं हे मला ठाऊक नव्हतं. पान पुसून खाल्लं.

भाषण राहूनच गेलं.

मळेवाडी, रविवार, ७ ऑक्टोबर

सांगलीला आत्ता प्रभुभोजन चाललं असेल. पंचाचं काय ते होईल. पितरांचं पान खाल्लं हे पाळकसाहेबांना सांगावं लागेल, आणि ते मला महिनाभर आणखी बसवतील. बसेन. कोट तरी फाटणार नाही.

सकाळी एक भीती वाटली आणि तिची लाजही वाटली. वैनींनी सांगितलं, कावळा शिवला, आत्मा सुटला, आता तुमचं पान मांडायचं नाही. ज्या पानाचा मी इतका राग केला तेच पुढच्या साली नसणार. मी जाऊन आईला विचारलं. आज ती माझ्याशी बोलते.

"पान कशाला?" ती म्हणाली. "गेलेला त्यो गेला, सुटला बिचारा. तू ताटात जेव."

आणि दुपारी ताट मांडलं. दादानं स्वतः पाट ठेवला, त्याच्या पाटाला लागून. भावकीतल्या कुणीसं कुंपणाबाहेरून विचारलं, "गुंडा, किरिस्तावाला पंक्तीला घेतोस व्हय रं?" दादा म्हणाला, "ह्यो कोन किरिस्ताव? ह्यो पावना हाय. आमचा जोत्या तर काल सुटला."  

जेवणाआधी मी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हणू लागलो. आईनं हात जोडले, दादानं घास हातात धरून ठेवला. रोज म्हणतो ती प्रार्थना, झोपेतही म्हणेन. पण जिथं आपण देवाला सांगतो की आम्ही आमच्या अपराध्यांना सोडलं आहे, म्हणजे क्षमा केली आहे, तिथं अडलो. सोडू नव्हे, सोडतो नव्हे, सोडलं आहे. आयुष्यभर काळ शिकवला आणि हे क्रियापद कधी नीट पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं दर रविवारी मी देवासमोर उभा राहून खोटं बोलत होतो.

डोळे उघडले. दादा माझ्याकडं बघत होता. घास धरलेल्या तळहातावर भाजल्याचा डाग होता, गुळगुळीत, रुपयाएवढा.

"दादा," मी म्हटलं, "मी विचारायला पाहिजे होतं तुला. तेल्याकडून कळायला नको होतं."

दादा ताटाकडं बघू लागला. "म्या दार लावायला नगं हुतं," तो म्हणाला. मग नाक ओढून ओरडला, "फुडं म्हन की! आमटी निवती!"

मी पुढं म्हटलं.